दांडीच्या टेकडीवरची हराळी

दांडी, ता. ३ जुलै १९६६

ती. सोजराआत्यास,
चि. एकनाथचा शि. सा. नमस्कार वि. वि.

नोकरी लागली हे कळवलंच होतं. ती कसली, ते सांगायला लाज वाटत होती. आता सांगतो. हिवाळ्यात खाडीचं तोंड उपसलं, तो सगळा काळा गाळ दांडीच्या कोळीवाड्यामागे ओतला. त्याची ही मोठी टेकडी झाली आहे. ती धरून राहावी म्हणून आमच्या खात्याने परदेशी गवताचं बी पेरलं. खारट गाळात त्यातलं एक काडीभरही उगवलं नाही. मात्र आपली हराळी कुठून आली देव जाणे, टेकडी हिरवीगार करून बसली. ती मंजूर यादीत नाही, म्हणून ती तण. आठ बायका घेऊन मी हिरवं उपटायचं आणि उघड्या चिखलाची राखण करायची. चिखलावर पाटी लावली आहे, ‘गवतावर चालू नये’. तिथे मी स्वतःसुद्धा चालत नाही.

तुमचा जन्म सुपारीच्या वाडीत हराळी काढण्यात गेला. ती मुळासकट कशी मरते, तेवढं लिहा. आतोबांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
एकनाथ

केळवे, ता. ११ जुलै १९६६

चि. एकनाथ यास सोजराआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र मोठ्याने वाचलं. तुझे आतोबा इतके हसले की पान घशात अडकलं. पाठीत दोन गुद्दे घातले तेव्हा मोकळे झाले.

बाबा रे, हराळी मरत असती तर मी आज चाळीस वर्षं वाकलेली नसते. पण गंमत राहू दे. ती उपटू नकोस. आपली विहीर खोदली तेव्हा बाहेर टाकलेल्या मातीचा ढीग पहिल्या पावसाळ्यात दोनदा गोठ्यात आला. तिसऱ्या वर्षी हराळीने धरला, तो आजतागायत हलला नाही. तुझ्या टेकडीखाली माणसं राहतात ना? मग साहेबाला स्पष्ट सांग. तू तोंडाचा मवाळ आहेस म्हणून दोनदा सांग.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमचा जीव तुझ्यात आहे हे ध्यानात असू दे.

तुझी,
आत्या

दांडी, ता. २८ जुलै १९६६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

साहेबांना सांगितलं, पण एकदाच. ते म्हणाले, जे यादीत नाही ते खात्याच्या दृष्टीने उगवलेलंच नाही, आणि जे उगवलेलं नाही ते माती कशी धरील? आम्ही सगळी हराळी काढली. पायथ्याला मैनाबाई म्हणून कोळीण राहते. ती वर येऊन म्हणाली, आमच्या डोक्यावरचं पांघरूण कशाला काढतंस रे पोरा? मी तिला पाटी दाखवली.

मग तीन दिवस झड लागली. चौथ्या सकाळी टेकडी उतरली. माणसं वाचली. पण मैनाबाईच्या घराची मागची भिंत गेली, आणि पावसाळ्यासाठी राखलेल्या सुक्या बोंबलाच्या टोपल्या गाळाखाली गेल्या. ती मला शिव्या देईल असं वाटलं. तिने माझ्या हातात घमेलं दिलं आणि म्हणाली, उचल. चार दिवस मी उचलतो आहे. रात्री तिच्याच घरचा भात खातो.

आता वरून हुकूम आला आहे. वीस ऑगस्टला मोठी पाहणी आहे, त्याआधी टेकडी ‘पूर्ववत हिरवी’ करायची. कशाने, ते लिहिलेलं नाही. आत्या, हराळी पाठवा. रागावलात तरी टाकू नका.

तुमचा,
एकनाथ

केळवे, ता. ५ ऑगस्ट १९६६

चि. एकनाथ यास अनेक आशीर्वाद.

बैलगाडी भरून हराळी पाठवली आहे. गाडीवान भिका विचारत होता, हे कुणाच्या लग्नाचं? गावात बातमी फुटल्यावर सगळ्यांनी आपापलं तण वाजतगाजत आणून घातलं. शेजारच्या अण्णांनी तीन टोपल्या दिल्या आणि हात जोडून विनवलं की यातलं काही परत पाठवू नका.

उतारावर आडव्या ओळी पाड, पेरापेराने खोच आणि पायाने दाब. गाडीत तांदूळ आणि नारळ आहेत, ते मैनाबाईचे. देताना मान खाली घालून उभा राहू नकोस. माझं चुकलं, असं तोंडाने म्हण. ते म्हणालास की मग माझा राग गेला असं समज.

तुझी,
आत्या

दांडी, ता. २४ ऑगस्ट १९६६

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

म्हणालो. मैनाबाई म्हणाली, ठावं हाय, आता खाली बस नि जेव. तिने कोळीवाड्यातल्या बायका आणल्या. दोन दिवसांत टेकडी लावून झाली. नंतर धो धो पाऊस पडला, पण ढेकूळसुद्धा खाली आलं नाही. भिंतही उभी राहते आहे. विटा मी वाहतो.

पाहणीला दिल्लीचे अधिकारी आले. खूश होऊन त्यांनी गवताचं नाव विचारलं. आमचे साहेब पांढरे पडले. हराळी म्हणावं तर यादीत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, सोजरा. साहेबांनी लगेच उचललं, होय सर, सोजरा ग्रास, सुधारित जात! अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मैनाबाई पदर तोंडात कोंबून मागे उभी होती. आत्या, क्षमा करा. जीभ घसरली तेव्हा तुम्हीच डोळ्यांपुढे होतात.

तुमच्या मायेतला,
एकनाथ

केळवे, ता. २ नोव्हेंबर १९६६

चि. एकनाथ यास आशीर्वाद, या वेळी जरा कमी.

काल केळव्यात जीप आली. एका तरुण साहेबाने गावाला जमवून सोजरा गवताची थोरवी सांगितली आणि दर वाडीला लागणीची दोन पोती फुकट वाटली. मी हराळी उपटत होते ती तशीच मातीच्या हातांनी तिथे गेले. पोतं उघडलं आणि अण्णा मटकन खालीच बसले. मी म्हटलं, साहेब, हे आमच्याकडे हाय. तो म्हणाला, आजी, ते जंगली, हे सुधारित.

मग त्याने वहीत लिहायला माझं नाव विचारलं. खरं सांगितलं असतं तर त्याला थट्टा वाटली असती. म्हटलं, लिही, हराळीबाई. त्याने लिहून घेतलं आणि माझा अंगठा मागितला. मी सही केली.

ते गवत साहेबाने समोर उभं राहून विहिरीपासून गोठ्यापर्यंत लावून घेतलं आहे. दिवाळीला येशील तेव्हा फराळाआधी ते उपटायला बसायचं. मैनाबाईलाही घेऊन ये. तिचा हात चालतो असं दिसतं.

तुझी,
आत्या