दुसरा मोजा

सोमवार, ३ तारीख
घातले! दोन्ही हातांत मोजे घातले. कुणाला कळलं नाही.
कॉलेजच्या केमिकल स्टोअरचे मामा सकाळी परत तेच सांगत बसले. ॲसिडची बाटली बादलीत, बादली एका हातात, मोजा फक्त त्याच हातात. दुसरा हात उघडा ठेवायचा — दारांना, लिफ्टच्या बटणाला. त्यांना बोलायला काय जातंय! अंगावर पिणारं लेकरू मला आहे, त्यांना नाही. ते वळले की मी खिशातून दुसरा मोजा काढून चढवते.

मंगळवार, ४
तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबला चार बाटल्या, पाचव्यावर दोन. प्रत्येकीचं बूच दोन-दोनदा आवळलं. घरी गॅस बंद केलाय का बघते ना, तसंच. एका बाटलीची मान ओलसर लागली. मोजा होता म्हणून बरं. ॲसिडसाठीच्या मोठ्या चष्म्यात घाम, कपाळावर वळ. आरशात बघितलं तर पाणबुड्याच.
दुपारी पाजायला खाली पाळणाघरात. ढबू आता अकरा महिन्यांची झाली. दारातलं अर्धं फाटक धरून उभीच असते, वरची दांडी चघळत. मी आत जाते, बेसिनवर मोजे काढते, साबणाने तीनदा हात धुते, मगच तिला उचलते. पाळणाघरातली मावशी म्हणते, ऑपरेशन करून आलीस का गं? हसेना का. माझ्या लेकीला माझ्यामुळे काही व्हायला नको.

गुरुवार, ६
शिकायला येतात त्यातल्या एका मुलीची बोटं पिवळी पडली. कातडी भाजल्यासारखी. ती म्हणते लॅबमध्ये पाऊलच टाकलं नव्हतं, नुसती लिफ्टने वर आली.
मामांनी बाटल्या पोचवणाऱ्या आम्हा तिघींना स्टोअरमध्ये उभं केलं. मोजा घालून बटण कुणी दाबलं, विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मोजा तुला वाचवतो पोरी. तुझ्यामागून येणाऱ्याला कोण वाचवणार?"
माझ्याकडेच का बघितलं?

शुक्रवार, ७
ह्यांना सांगितलं. म्हणाले, कुणी बघितलं का? नाही ना, मग कशाला आपणहून खड्ड्यात उडी मारतेस. नोकरी गेली की पाळणाघर गेलं, पोरीला कुठे ठेवशील?
खरंच आहे.
ती मुलगी जिन्यात दिसली, हाताला पट्टी. मी मागे फिरले, दुसऱ्या जिन्याने गेले.
एक मोजा काढून बघितला आज. उघडा हात दाराजवळ नेला आणि लगेच मोजा परत घातला.

सोमवार, १०
ढबू दूध ओढत नाही. तोंड लावते, रडते, सोडते. ओठ सुजलाय. मावशी म्हणाली दात येत असतील.
दातच असतील.

मंगळवार, ११
रात्रभर किरकिर. तरी कामाला आणली, रजा कुठली. आत गेल्यावर आज पाचदा हात धुतले. मावशी या वेळी हसली नाही. म्हणाली, बाई, हिला डॉक्टरला दाखव.

बुधवार, १२
दात नाहीत. डॉक्टरीणबाईंनी ओठाची कड उलटून दाखवली. पिवळी. त्या मुलीच्या बोटांसारखीच.
तशीच मामांकडे गेले. ढबू कडेवर. म्हटलं, मीच. लिफ्टचं पण मीच.
फाटकाची वरची दांडी मी मोज्याच्या हाताने धरून उघडायची. रोज. बेसिन त्याच्या आत आहे.