मोहाखालचा पाचोळा

काठी, २ मार्च २०२५
ती. बाबांस,
प्रभूच्या नावात सलाम. वि. वि. इथं डोंगरात रेंज नाही, म्हणून हे पत्र मोलगीच्या बाजारच्या दिवशी पोस्टात टाकते.
जंगलातला कार्बन मोजता म्हणजे करता तरी काय, असं तुम्ही विचारलं होतं. छातीच्या उंचीवर टेप लावून खोडाचा घेर घ्यायचा, झाडाची उंची घ्यायची आणि त्यावरून लाकडाचं वजन काढायचं. वाळल्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन कार्बनचंच, झाडानं हवेतून ओढून साठवलेलं. खालचा पाचोळाही तोलतो. मातीतही साठा असतो, म्हणून तीही पिशव्यांत भरून नेतो.
यंदा गळालेली मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवू नका ना. साठलेलं पुन्हा हवेत जातं, रोपंही जळतात.
तुमच्या रागाला न घाबरणारी,
रिबेका

नवापूर, २१ मार्च
चि. रिबेकास अनेक आशीर्वाद.
तुझी आई म्हणाली, पोरगी आता आपल्याला फुलं वेचायला शिकवणार! तरी आम्ही पाचोळा झाडला, जुनी लुगडी अंथरली. शेजारच्या दगानं मात्र पेटवलाच. वारं फिरलं, आग टेकडीवर चढली. ओल्या फांद्यांनी झोडपून गावानं विझवली. पाणी पोचवताना आईचा पाय भाजला. दवाखान्यात पट्टी केली आहे, घाबरू नको.
आपण गावानं मिळून राखलेली टेकडी निम्मी काळी झाली. दगाला टेकडी बंद करा, असं लोक म्हणतात. तो घराबाहेर पडत नाही.
तुझी वाट पाहणारा,
बाबा

काठी, २८ मार्च
ती. बाबांस सलाम.
आईचं वाचून रडले. दगाकाकांचा खूप राग आला, अजूनही आहे. पण त्यांना टेकडी बंद केली, तर ती राखणारा एक माणूस कमी होईल.
मी पुढच्या रविवारी येते. काय जळालं, काय उरलं, ते मोजू. टेपचं दुसरं टोक धरायला दगाकाकांनाच बोलवाल का?
आईच्या पायाला जपा.
रिबेका

नवापूर, २० एप्रिल
चि. रिबेकास आशीर्वाद.
तुझ्यासोबत टेप धरून फिरलेला दगा तू गेलीस त्या संध्याकाळी घरी आला. आईच्या पायापाशी बसला. मग म्हणाला, मोठी झाडं उभी आहेत हे पोरीनं दाखवलं, पण बारक्या सागांपाशी तिनं टेप लावलाच नाही, लावायला काही उरलंच नव्हतं. एवढं बोलून रडला.
गावाच्या बैठकीत मी त्याच्या बाजूनं बोललो. बंदी टळली.
आज सकाळी पाहतो तर दगा एकटाच टेकडीभोवती पट्टा झाडतोय, पुन्हा आग आली तर तिथंच अडावी म्हणून. आईला मी नको नको म्हणत होतो. ती खराटा घेऊन लंगडत निघालीसुद्धा.
आता मलाही जायला हवं. उरलेलं पुढं लिहीन, तुझ्यावर माया आहेच.
तुझा,
बाबा