नवी गाडी, एकट्याची

बसू,

हे लिहिणारच नव्हतो. हाताने लिहिलं असतं तर फाडलं असतं, म्हणून ऑफिसातच टाईप करतोय. सकाळचा भात कुकरमध्ये आहे, आमटी गरम करून घे.

काल शोरूममधून ती नवीन बाईक चालवून बघितली. कंपनीने लांबच्या प्रवासासाठी सगळी नव्याने केलीय. टाकी मोठी, मागे बसणाऱ्याला पाठ टेकायची सोय. देवनहळ्ळीपर्यंत गेलो. गाडी मस्त आहे रे. किल्ल्याजवळच्या हॉटेलात सवयीने "बाय टू कॉफी" म्हणालो. मालकाने एक कॉफी दोन ग्लासांत करून समोर ठेवली. "फ्रेंड मागून येतात का सार?" मी हो म्हणालो. दोन्ही ग्लास मीच संपवले, आणि तरी बसून राहिलो.

तेव्हा कळलं, ही गाडी मी आपल्या दोघांसाठी बघत होतो. तू लग्न करून वाणीबरोबर इंदिरानगरला राहायला चाललास, हे डोक्यात शिरतच नव्हतं.

मग घ्यायची कशाला, असं आज दिवसभर चाललं होतं. आता हे खोलीवर ठेवून शोरूम बंद व्हायच्या आत बुक करायला चाललोय. तू म्हणशील, "येड्या, एकटा कुठं बोंबलत फिरणार?" मलाही माहीत नाही. पण तू सामान हलवलंस की पहिल्याच रविवारी कुठेतरी निघेन. खोलीत पडून राहणार नाही, बसू. शब्द देतो.

दिगू