दांडीवरचे कागद

प्रिय मिसाओ,

तू लावून दिलेली फाईल समोर ठेवून लिहायला बसले आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर माझं वाक्य तूच पुरं करतेस. ओबोनला पितरांसाठी म्हणून तुम्ही दोघं बहीणभाऊ आलात, तेव्हाही तेच. मी म्हणायचे, "ते हे दे गं, ते..." की तू लगेच, "चहाचा डबा ना आई?" अगं, मला मिठाची बरणी हवी होती! पण तू डबा हातात दिलास, तोमोनोरीकडे बघितलंस, आणि तुमची नजरानजर मला दिसली. माझे डोळे अजून शाबूत आहेत.

फाईल सुरेख आहे, नाही म्हणत नाही. जाड पुठ्ठा, निळी पाठ, तिच्यावर तुझ्या वळणदार अक्षरात 'आईचे कागद'. माझ्या जुन्या फाईलमधले आणि घरभर पसरलेले सगळे सुटे कागद तू गोळा केलेस, एकेकाच्या भोकांची रांग कड्यांमध्ये नीट बसवलीस, आणि वरच्या कोपऱ्यातली तारीख बघून ओळीने लावलेस. दोन दिवस तुझी कंबर मोडली असेल. पण मिसाओ, तारखेने लावलेली औषधं कुणाच्या पोटात जातात का? आता माझ्याकडे जंताच्या औषधाशेजारी डोळ्यांचे थेंब आहेत आणि त्यांच्या मागे मूळव्याधीचं मलम. ते लावताना हसू नाही आलं तुला?

औषधं कसली, हे तू विचारलंच नाहीस. बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या दांडीवर चिमटे लावून टांगलेले कागद बघितलेस, न्हाणीघरात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेले बघितलेस, फ्रिजवर 'हे घेऊन गाडी चालवू नये' असं वाचलंस आणि आईचं डोकं फिरलं असं ठरवून टाकलंस. मग बाबा गेल्यापासून त्यांचा फोटो असतो त्या देव्हाऱ्याचा खण उघडलास. उदबत्त्यांच्या खाली खोकल्याच्या औषधाचे कागद निघाले, तेव्हा तू स्वयंपाकघरात जाऊन रडलीस. मला ऐकू आलं. तोमोनोरीला म्हणालीस, "आई आता भिंतींशी बोलते रे." हो, बोलते. पाठांतर मोठ्याने केल्याशिवाय होत नाही. तू सुद्धा ह्याच भिंतींना सनावळ्या ऐकवल्या आहेस, तेव्हा तुला कुणी दवाखाना दाखवला नव्हता.

तर ऐक. तेरामोतोसान औषधाचं दुकान बंद करताहेत. गुडघे गेले, मुलगा ओसाकाला बोलावतोय, पुढच्या वसंतात जाणार. तिथे गल्ल्यावर बसण्यात माझा अर्धा जन्म गेला, हे तुला ठाऊकच आहे. दुकान बंद झालं की साध्या तापाच्या गोळीसाठी इथल्या माणसाने घाट उतरायचा, आणि बस दुपारी नसतेच. ते म्हणाले, "तुम्ही परीक्षा द्या ना. विक्रीचा परवाना मिळाला तर किल्ल्या तुमच्या." चेष्टाच केली असावी त्यांनी, कारण मी "देते" म्हटल्यावर त्यांच्या हातातला चहा सांडला.

आधी मी शिवलेली वही आणली. चार पानं भरली आणि अडले. डोकेदुखीचं लिहून पुढे गेले, मग कळलं की पोटात व्रण असलेल्याला त्यातली एक गोळी चालत नाही. ते लिहायचं कुठे? समासात, मग समासाच्या समासात. शेवटी वही मुंग्या फिरल्यासारखी दिसायला लागली. तेव्हा सुटे कागद आणि कड्यांची एक साधी फाईल आणली. एका कागदावर एकच दुखणं. नवीन काही कळलं की मध्ये कागद घालायचा, चुकलं तर तेवढाच फेकायचा. पुस्तकातल्या धड्यांप्रमाणे रंगीत पट्ट्या लावून बघितल्या, तेही जमेना. दुकानात कुणी धडा तिसरा घेऊन येत नाही गं, पोट धरून येतं. मग मी माणसासारखेच लावले, डोक्यापासून तळपायापर्यंत. वर डोकेदुखी, मग डोळे, नाक, घसा, छाती, पोट, आणि अगदी खाली पायाच्या चिखल्या. कुणी बोट दाखवलं की माझा हात फाईलमध्ये बरोबर तिथे जायचा.

आणि जे डोक्यात शिरत नाही त्याला फाईलमध्ये आराम नाही. ते बाहेर. दांडीवर, फ्रिजवर, न्हाणीत. येता-जाता तोंडावर आपटलं पाहिजे. पाठ झालं की परत आपल्या जागी. आणि जे झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, ते बाबांच्या खणात. त्यांना सांगते, "हे तुम्ही सांभाळा, माझं झालं." ह्याला तू वेड म्हणालीस. मी नीटनेटकेपणा म्हणते.

तू गेल्यावर चहाच्या डब्याखाली त्या वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक सापडलं. अगं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? चित्रातल्या म्हाताऱ्या सगळ्या गोल करून एकमेकींकडे फुगा टोलवत बसल्या होत्या. मी ते माहितीपत्रक वाचलं, त्याला भोकं पाडली आणि फाईलच्या शेवटी लावलं, चिखल्यांच्याही खाली. तू लावलेले सगळे कागद मी पुन्हा काढले आहेत आणि दांडी पुन्हा भरली आहे. तोमोनोरीला सांगून टाक.

आता जे खरं आहे तेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील आई सोयीचं तेवढंच सांगते. किटली जळाली. गॅसवर ठेवून मी मागच्या अंगणात गेले आणि विसरले, बुडाला भोक पडलं. शेजारच्या हानाएसानने तुला कळवलं, ते बरंच केलं. त्या दिवशी मी फार घाबरले, मिसाओ. जळकी किटली मांडीवर घेऊन ओट्यापाशी बसून राहिले. माणसांची नावंही हल्ली ओठांवर येऊन अडतात. साठी बुद्धी नाठी म्हणतात, मी तर सत्तरीही ओलांडली. पण म्हणून काय शिकायचं सोडून फुगा टोलवायचा? विसरायला होतं म्हणूनच तर कागद बाहेर टांगले ना! ज्याला विसरायची भीती नाही तो कशाला न्हाणीत कागद चिकटवेल?

तर पत्राचं कारण. नोव्हेंबरच्या दुसऱ्या बुधवारी तू माझी स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहेस. मी येणार नाही. त्याच दिवशी, तुझ्याच मात्सुए शहरात, माझी परीक्षा आहे. नापास झाले तर मी स्वतःच्या पायांनी तुझ्या डॉक्टरांकडे येईन, ते म्हणतील ती चित्रं काढीन, आणि माहितीपत्रकाबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण आधी परीक्षा. मंगळवारी संध्याकाळच्या बसने मी तुझ्याकडे मुक्कामाला येते आहे. भाताचे गोळे मीच करून आणीन, तुझे सुटतात. पाकिटात तुला एक लाल प्लॅस्टिकचा तुकडा मिळेल. आवराआवरीत तू तो कचऱ्यात टाकला होतास, मी काढून धुतला. कोपऱ्यात बघ, सुईने कोरलेलं तुझं नाव आहे. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करताना तू उत्तरं केशरी शाईने लिहायचीस आणि हा तुकडा वर ठेवला की ती दिसेनाशी व्हायची. मी इस्त्री करता करता तुला प्रश्न विचारायचे, आणि तू अडलीस तरी गप्प राहायचे, आठवतं? माझी उत्तरंही केशरीच आहेत. मंगळवारी रात्री जेवणं झाली की हा तुकडा कागदावर ठेव आणि डोक्यापासून तळपायापर्यंत विचार मला. चुकले तर चुकलीस म्हणून तोंडावर सांग, मला राग येणार नाही. अडले तर थांब. कितीही वेळ लागला तरी थांब, उत्तर तू सांगू नकोस.

तुझीच, अजून न विसरलेली,
आई