खारट पाण्याचा देव

पाचूबंदर, वसई
११ जानेवारी १९५३

चि. फादर प्लासिड यास थोरल्या बहिणीचे अ. आ. वि. वि.

तू फादर झाल्यापासून आशीर्वाद तुला द्यायचा की तुझ्याकडून घ्यायचा, हे मला उमगत नाही. आधी मी जन्मले, म्हणून देऊन टाकते.

तुझी बदली इकडे करायचं बिशपस्वामींनी कबूल केलंय, फक्त तुझा होकार यायचा आहे, असं आपले फादर गॅब्रिएल सांगत होते. लवकर लिही. आईला आता दिसत नाही. वाळत घातलेल्या बोंबलांखाली बसून मांजरं हाकलते आणि चाहूल लागली की प्लासिड आला का, असं विचारते. परवा मांजरालाच विचारलं.

तुझ्या मागच्या पत्रात नुसती त्या माळाची रडकथा. लहानपणी धक्क्यावर बसून देव पाण्यात दिसतो म्हणायचास आणि टोपल्या मला वाहायला लावायचास. ये बाबा, देव बघ. टोपल्या आहेतच.

लोभ वाढव, बोंबलासारखा सुकवू नकोस.

तुझी,
लुईझा

माळावरून, जि. नगर
२४ जानेवारी १९५३

ती. लुईझाबायस सा. न. वि. वि.

फजिती झाली. रविवारी मिस्साच्या उपदेशात डोळे मिटून सांगत सुटलो की देव आमच्या समुद्रासारखा, नजर पोचेल तिथवर खारं पाणी. डोळे उघडले तर माणसं कळवळून माझ्याकडे बघताहेत. इथे यंदा पाऊस नाही, आणि पाणी खारट लागलं की विहीर मेली म्हणतात. सगुणाबाई नावाच्या म्हातारीने नंतर विचारलं, एवढा मोठा देव आणि प्यायच्या कामाचा नाही, मग तुम्ही तिकडे दिवस कसे काढलेत? तेव्हापासून ती ओढ्याची वाळू उकरून माझ्या दाराशी तांब्याभर गोडं पाणी ठेवते. मी ते लाजत पितो.

बाय, मला इथे देव दिसत नाही. दगड दिसतात, बाभळी दिसतात. पहाटे वारा सुटला की भरती आली वाटतं; उठून बघतो तर धूळ. होकार लिहून ठेवलाय, सोमवारी टपालात टाकतो. आईला सांग, येतो.

मायेचा भुकेला,
प्लासिड

माळावरून
८ फेब्रुवारी १९५३

ती. लुईझाबायस सा. न. वि. वि.

होकार टाकला नाही. रागव.

त्या सोमवारी गावाने चर्चमागे विहीर खणायला घेतली होती. सगळे काठावर बसून खाली बघत होते. आपणही समुद्रासमोर असेच बघत बसायचो, पण भरल्या पोटी गं. पाटीतून ओलसर माती वर आली. सगुणाबाईने चिमूटभर स्वतःच्या कपाळाला लावली, मग माझ्या. राखेच्या बुधवारी मी लोकांना राख लावतो, तशी. पाणी नव्हतंच, नुसता ओलावा.

मला समुद्र आठवला, छाती फुटेल इतका आठवला. आणि वाटलं, ही जी ओढ आहे, तिलाच मी ‘देव दिसत नाही’ असं म्हणत होतो. आता इथून पळालो तर पाचूबंदरला मला नुसतं पाणी दिसेल.

आईला माझ्याच्याने लिहवत नाही. तूच सांग.

तुझा अपराधी,
प्लासिड

पाचूबंदर
२२ फेब्रुवारी १९५३

चि. प्लासिड यास अ. आ. वि. वि.

जड ते माझ्या डोक्यावर द्यायची तुझी खोड गेली नाही. सांगितलं आईला. तिने एवढंच विचारलं की विहिरीला पानी लागलं का. नाही म्हटल्यावर म्हणाली, मग कसा येल तो, जाळं पान्यात टाकून होडी कोन सोडून येतं? नंतर जेवली नाही.

काल ओहोटीच्या वेळी मी किनाऱ्यावर गेले. पाणी पार लांब गेलेलं, पुढे नुसता चिखल. एरवी त्या चिखलाला शिव्या घालत मासळी वाहते. काल तुझ्यासारखी गप्प उभी राहिले. शेजारीण विचारून गेली की काही हरवलं का.

देव दिसला की नाही, ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवावं. तू दिसला नाहीस, एवढं मला दिसलं.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही. तो आहे, म्हणून तर दुखतंय.

तुझी बाय,
लुईझा