मामू नसल्याचा दाखला

उम्म अल कुवैन
(तारीख टाकत नाही. कागदांची मुदत संपत आलीय, तारीख बघवत नाही.)

हमदुल्ला मामू यांस अर्सलानचा सलाम, विनंती विशेष.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असेल, हिरवी पट्टी निघाली असेल आणि मैमुनाबी मामी तुम्हाला खाली वाकू देत नसतील अशी उमेद करतो. उमेदच करायची, कारण तुम्ही फोन उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा मात्र येतात, त्यावरून डोळा बरा आहे एवढं समजतं. इकडे आम्ही सगळे ठीक. फिझाची पाठ दुखते, गाडीचा एसी गेलाय, इनाया दहावीला आहे आणि काहीही विचारलं की इंग्रजीत खांदे उडवते. उन्हाळ्याचं तुम्हाला काय सांगायचं! एका नळाला गरम पाणी येतं आणि दुसऱ्याला त्याहून गरम.

पत्रास कारण की, तुम्ही रुसलात असं मामींनी फिझाला सांगितलं. रुसायचं ते रुसा, पण आधी पूर्ण ऐका, कारण गावात तुमच्या कानावर गेलं ते अर्धवट आहे. आमच्या सेंटरने हमूर माशांच्या कामासाठी फेडरल ग्रांट मागितली होती, ते तुम्हाला माहीतच आहे. (खाडीचं पाणी तापतंय आणि मासे वाढत नाहीत, ते का, हे शोधायचं. तापतंय म्हणून वाढत नाहीत, असं तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात. पण तेवढंच सिद्ध करायला शास्त्राला तीन वर्षं आणि ग्रांट लागते.) तर ती ग्रांट आम्हाला मिळाल्यासारखी आहे. 'सारखी' हा फार कपटी शब्द आहे, मामू. त्यांचं म्हणणं असं की अर्ज पसंत आहे, पैसे द्यायची इच्छा आहे, पण अर्जाच्या वेळी जे कागद 'नंतर दिलेत तरी चालतील' असं सांगितलं होतं, तेवढे आता द्या, मग मंजुरीचं पत्र देतो. म्हणजे मुलगी पसंत, हॉल बुक, पण निकाहाच्या आधी तिच्या आजोबांचे दात मोजायचेत.

त्या कागदांत मुख्य कागद म्हणजे माशांना विनाकारण त्रास होणार नाही असा कमिटीचा दाखला. आणि त्या कमिटीत एक माणूस असा लागतो की ज्याचा ना विज्ञानाशी संबंध, ना सेंटरशी, ना सेंटरमधल्या कोणाशी. आमच्या डॉ. सँड्रा मॅडमनी (वसईच्या, प्रोजेक्ट त्यांचाच) असा सरळ माणूस कोणी आहे का विचारलं आणि माझ्या तोंडून तुमचंच नाव निघालं. रास अल खोरला सारी हयात गाड्यांचे स्पेअर पार्ट विकलेला माणूस, विज्ञानाचा वारा नाही! तुम्ही आलात, इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून. दोन तास गप्प बसलात आणि शेवटी एकच प्रश्न विचारलात, की एवढं सगळं झाल्यावर हे मासे खायला मिळणार का. मिनिट्समध्ये मी लिहिलं, 'बाहेरील सदस्यांनी नमुन्यांच्या अंतिम विल्हेवाटीबाबत विचारणा केली.' मॅडम खूश, कमिटी खूश. दाखला तयार झाला आणि मी घरी जाऊन बिर्याणी मागवली. तिथेच चुकलं, आनंद फार लवकर केला.

कारण दाखला पक्का करायची दुसरी मीटिंग, तुम्ही गावी परतल्यामुळे, ऑनलाइन झाली, आणि तिचं रेकॉर्डिंगही फाइलला जोडावं लागलं. त्यात मी सारखा ओरडतोय, मामू, तुमचा माईक बंद आहे. मामू, कॅमेऱ्यात फक्त पंखा दिसतोय. (पंख्याने खरं म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त वेळ हजेरी लावली.) ग्रांटवाल्यांच्या ऑफिसात नियम तपासणाऱ्या, कंप्लायन्सच्या बाईंना हिंदी येतं. त्यांनी एका ओळीत विचारलं, बाहेरील सदस्य हे कोऑर्डिनेटरचे (म्हणजे माझे) मामा आहेत काय? मी त्यांना दोन पानं लिहिली. अम्मीच्या माहेरच्या घरासमोर तुमचं घर, म्हणून तुम्ही मामू. आमच्यात आईच्या गावचा पुरुष म्हणजे मामूच, त्याला रक्त लागत नाही, गावचा पोस्टमनसुद्धा मामू. उत्तर आलं, अर्जदाराला एकूण किती मामा आहेत ते कळवावे. मी खरोखर मोजायला बसलो. गावच्या खाडीच्या अलीकडलेच संपेनात, तेव्हा नाद सोडला. तेवढ्यात त्यांनी माझी एचआरची फाइल मागवली, आणि तिथे आपत्कालीन संपर्क म्हणून माझ्याच हाताने लिहिलेलं निघालं, हमदुल्ला, नातं मामा. मग हुकूम सुटला की नातं नसल्याचा गावचा दाखला आणा, शिवाय सदस्यांचं सहीचं निवेदन आणा.

म्हणून मी गावच्या जमातीच्या सेक्रेटरींना फोन केला आणि म्हटलं, एवढंच लिहून द्या की हमदुल्ला माझे कोणी लागत नाहीत. त्या भल्या माणसांना वाटलं, मामा-भाच्यात आंब्याच्या बागेवरून बिनसलंय. जुम्म्याच्या नमाजनंतर सगळे बसले, चहा झाला, डोळे पुसले गेले आणि शिक्क्यासकट दाखला आला, की अर्सलान हा हमदुल्ला यांचा सख्खाच भाचा समजावा, आणि या नात्यात कोणी बिब्बा घालत असेल तर संपूर्ण जमात त्यांच्या पाठीशी उभी आहे. आता हा कागद मी कोणाला दाखवू? वर समेट करायला म्हणून हीच मंडळी तुमच्या घरी गेली आणि तुम्हाला सांगून आली की अर्सलान तुम्हाला कोणी मानत नाही. याला म्हणतात भलं करणं!

मामू, मी वैतागलोय. हे कागद वेळेत गेले नाहीत तर ग्रांट दुसऱ्याला जाईल, माझी नोकरी या ग्रांटवरच आहे, नोकरीवर व्हिसा आणि व्हिसावर इनायाची दहावी. वर्षाच्या मध्ये पोरीला उचलून कुठे नेऊ? मॅडमनी काल घरचा केक आणून टेबलावर ठेवला, म्हणजे त्यांनी आशा सोडलीय. इनाया म्हणते, अब्बा, इट्स जस्ट अ फॉर्म. तिला काय ठाऊक! ती जन्मली तेव्हा मी बोटीवर होतो, खाडीत, नेटवर्कच्या बाहेर. फिझाला दवाखान्यात तुम्ही नेलंत आणि तिथल्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत मामा लिहून सही ठोकलीत. तेव्हा कोणी पुरावा मागितला नाही. आज मी पुरावे गोळा करतोय ते तुम्ही माझे कोणी नाही याचे, आणि हरतऱ्हेने शोधूनही एक सापडत नाही. मला लाज वाटते. रात्री जेवण जात नाही.

मामींना सलाम. डोळ्यात थेंब वेळेवर घाला, आणि उन्हात चष्म्याशिवाय जाऊ नका.

तुमचा (फाइलीबाहेर) भाचा,
अर्सलान

ता. क. : सोबत टाईप केलेला कागद आहे. 'अर्सलान याच्याशी माझे कोणतेही नाते नाही' या वाक्याखाली पेन्सिलने फुली केलीय, तिथे सही करून लगेच कुरियर करा. खाली प्रेमाने काही जोडू नका, जमातीने जोडलंय तेवढं पुरे. वाक्य खरं आहे, मामू. खरं आहे म्हणूनच लिहून मागवायची हिंमत होत नव्हती, एवढं लांबण त्यासाठीच लावलं.

आणखी एक : सही करण्याआधी एकदा फोन उचला आणि मला मनसोक्त शिव्या घाला. परक्या माणसाला कोणी तशा शिव्या घालत नाही, तेवढ्यावर मी झोपेन.

शेवटचं : एचआरने आपत्कालीन संपर्क बदलायला लावला. तुमचं नाव खोडलं, तर रकाना रिकामा ठेवून सिस्टम पुढे जाईना. म्हणून बाजूच्या टेबलावरच्या शेल्डनचं नाव टाकलं, नातं मित्र. मग नंबर विचारला, आणि बोटांनी सवयीने तुमचाच टाकला. सेव्ह झाल्यावर लक्षात आलं. बदलायला हवा होता, बदलला नाही. तेव्हा कधी इकडच्या दवाखान्यातून फोन आला आणि शेल्डन आहेत का असं कोणी विचारलं, तर मामू, हो म्हणा.