दोन हजार लिटरची टाकी

३ मार्च, मंगळवार
टाकी बांधायचं नक्की. गच्चीवर, विटांची, गोल. रोज दुपारी नळ कोरडे पडतात आणि बायको माझ्याकडे अशी बघते, जणू सगळं पाणी मीच पितो. ती म्हणाली, दुकानातून तयार प्लास्टिकची आणू. भूमितीत पैकीच्या पैकी मार्क मिळवलेल्या माणसाच्या घरात तयार टाकी? पाच मिनिटांत हिशोब केला. उंची एक मीटर. रुंदी, या काठापासून त्या काठापर्यंत, १.६०. तिची निम्मी ०.८०, तिचा वर्ग, गुणिले ३.१४. दोन हजार नऊ लिटर. वरचे नऊ माझ्याकडून.

५ मार्च, गुरुवार, सकाळी
मिस्त्री आला. गोल टाकी कधी बांधली नाही म्हणाला, चौकोनी बांधू का? म्हटलं, कोपऱ्यात शेवाळ धरतं. मी १.६० ची दोरी स्वतः मोजून, कापून दिली. त्यानं मधोमध खिळा ठोकला, दोरीचं एक टोक खिळ्याला बांधलं, दुसऱ्याला खडू, आणि गरकन फिरला. गोल थेट कठड्याला टेकला. बायको म्हणाली, केवढी ही! मोकळ्या जागेत वस्तू मोठी दिसते, हे तिला कोण सांगणार?

१० मार्च, मंगळवार
विटा निम्म्या कामातच संपल्या. मिस्त्री घरी नेत असणार. बोललो नाही. झाकली मूठ.

२१ मार्च, शनिवार
टाकी तयार. खाली आत्याची खोली. लहानपणापासून तिनं मला वाढवलं, आता वय झालंय, दिवसभर पडून असते. म्हटलं, आत्या, आता तुझ्या डोक्यावर गारवा. ती म्हणाली, गारवा नको बाबा, छप्पर राहू दे.

२४ मार्च, मंगळवार
पंप सुरू. अर्ध्या दिवसात टाकी भरायला हवी. संध्याकाळी पाणी जेमतेम घोट्याच्या वर. पंप बोगस आहे. दुकानदाराला खडसावायचं.

२६ मार्च, गुरुवार
अजून गुडघ्याच्या खालीच. दुकानदार येऊन पाहून गेला, पंप ठणठणीत आहे म्हणाला. म्हणजे गळती. भिंतींवर हात फिरवून पाहिला, सगळ्या कोरड्या. चोरटी गळती असावी. आत्याच्या छताला केसाएवढी चीर. नवीन बांधकाम बसतं, चिरा पडायच्याच. चिरेत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून टाकली. हात लागल्यावर काम कसं होतं, हे घरातल्यांना दिसलं असेल.

२८ मार्च, शनिवार
आत्याचं दार चौकटीत अडकतंय. हवेनं लाकूड फुगलं असणार. रंधा मारला. चीर पुन्हा उघडली, आणि या वेळी पंख्यापर्यंत गेली. आत्या म्हणते, दुपारी वर कुणीतरी दात खातं. म्हातारपणी कान वाजतात. बायको म्हणाली, तिला आपल्या खोलीत हलवू. आत्या नको म्हणाली, तिला तिची खिडकी हवी. मी आत्याची बाजू घेतली. माणसानं ज्येष्ठांचं ऐकावं.

३१ मार्च, मंगळवार
पाणी काठाला चार बोटं. मी जिंकलो. चहात चुना पडला, अशी आत्याची तक्रार. दाराला पुन्हा रंधा. आता रंधायला दार फारसं उरलेलं नाही.

१ एप्रिल, बुधवार
बायको म्हणाली, दोन हजार लिटरला पंप इतके दिवस का चालला? तिचं तोंड बंद करायला टेप घेऊन वर गेलो. या काठापासून त्या काठापर्यंत ३.२०. टेप खोटा म्हणून दुसरा आणला. ३.२०.

जिन्यात बसलो. खिळा आठवला. दोरी आठवली. पूर्ण रुंदीची दोरी खिळ्यापासून फिरवली की रुंदी दुप्पट होते. रुंदी दुप्पट, पाणी चौपट. आठ हजार अडतीस लिटर. आठ टन. आत्याच्या पलंगावर.

पाचावर धारण बसली. पण लगेच सांगून घर घाबरवण्यात अर्थ नाही. इतके दिवस टिकलं, चार दिवस टिकेल. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा शांतपणे थोडं पाणी काढू. कारण गळती सांगू.

२ एप्रिल, गुरुवार
सकाळी आत्याचं दार उघडेना. आतून ती हाका मारत होती, माती पडतेय म्हणून. मी रंधा घेऊन धावलो. हातात रंधा! बायकोनं तो हिसकावून फेकला आणि घरातले सगळे नळ सोडले. मग मिस्त्रीला बोलावलं. तेव्हा मी ओरडलो, आठ टन आहे, आठ टन! बायकोनं विचारलं, कधीपासून माहीत आहे? म्हटलं, काल.

भीती वाटली. हिशोबाची नव्हे. आत्या गेली तर, याची.

मिस्त्रीनं पहारीनं चौकट उपटली. आत्याला उचलून अंगणात आणलं. ती बसते न बसते तोच आत धाडकन आवाज झाला. पंख्यासकट छताचा तुकडा उशीवर. वरून पाणी कोसळत राहिलं.

आत्याच्या केसांत चुना होता. मी झटकायला गेलो. म्हणाली, राहू दे, तू मोजत बसशील.

८ एप्रिल, बुधवार
अंगणात प्लास्टिकची टाकी आली. दोन हजार लिटर. गुपचूप मोजली. रुंदी १.६०. माझा हिशोब बरोबरच होता. हे बायकोला सांगायचं ठरवलं. सांगितलं नाही.

आत्या आमच्या खोलीत, मी बाहेर बाकावर. मिस्त्री नव्या छताचं माप घ्यायला आला. टेपचं एक टोक मला धरायला दिलं. आकडा वाचायला आत्याला बसवलं. चष्मा लावून तिनं वाचला. मग बायकोनं पुन्हा वाचला.

मी टोक धरलं. बायको दोनदा म्हणाली, हलवू नका.